लग्नाचे फोटो: 'इकडे बघा' म्हणणारा हवा की न म्हणणारा?

मोरपंखी
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न माघात आहे, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. कार्यालय, केटरर, साड्या, आहेर सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते फोटोग्राफरवर.

बहिणीला डॉक्युमेंटरी पद्धतीचे फोटो हवेत. म्हणजे कुणाला उभं करायचं नाही, काही परत करून दाखवायला सांगायचं नाही, जे घडतंय ते टिपायचं. बाबांना हे अजिबात पटत नाही. ते म्हणतात, "अडीचशे माणसं आशीर्वाद द्यायला येणार. त्यांचा नवरा-नवरीबरोबर सरळ फोटो नको? पुढं कुणाला कळणार कसं कोण कोण आलं होतं ते?"

तिने एका फोटोग्राफरचं काम घरात दाखवलं. एका फोटोत रुखवताच्या टेबलाखाली दोन पोरं बसलीत. एकाच्या हातात अर्धा लाडू, दुसरा वर बघतोय आणि टेबलाच्या कडेला कुणाच्या तरी पैठणीचा काठ तेवढा दिसतोय. बाबांनी विचारलं, "यात नवरी कुठाय?" बहीण म्हणाली, "बाबा, हेच तर लग्न." मला दोघांचंही पटतं आणि मधल्या मधे मी अडकलेय.

ज्यांनी असे फोटो काढून घेतलेत त्यांचे अनुभव हवेत. नंतर काही राहून गेल्यासारखं वाटलं का? घरातल्या वडीलधाऱ्यांना कसं समजावलंत?

सोलापुरी_चादर
वाचतोय. आमच्या सप्तपदीला फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, चौथं पाऊल परत एकदा, फोकस गेला." टाकलं. बायको अजून म्हणते, आपली आठ पावलं झालीत, एक जन्म जास्तीचा घट्ट.

वेदघोष
चादरसाहेब, तुमची गंमत छान आहे, पण पौरोहित्य करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो हे वाचून. १९९८ पासून लग्नं लावतोय. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ सांगतं की जिथे सप्तपदी हा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. शास्त्रातही तेच. मंडपात बाकी काही मागेपुढे झालं तर मी चालवून घेतो, लाजाहोम आणि सप्तपदीला नाही.

मोरपंखीताई, माझ्या बाजूने सांगतो. "गुरुजी, एक मिनिट थांबा" म्हणणारे सगळे ठरावीक पठडीतले फोटोग्राफर असतात. तुमच्या बहिणीला हवा आहे तसा एकजण दोन वर्षांपूर्वी आला होता. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला येऊन शेजारी बसला आणि वहीत विधींचा क्रम लिहून घेतला. कानपिळी नेमकी कधी, हे त्याने दोनदा विचारलं, कारण ती पापणी लवते न लवते तोच होऊन जाते. दुसऱ्या दिवशी त्याने मला एकदाही थांबवलं नाही. होमाच्या बाजूला चप्पल घालून आला नाही, कुंडावरून पाय टाकला नाही. असा मिळाला तर बिनधास्त घ्या.

यशिका१२०
मी वडिलांच्या बाजूने बोलणार आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा स्टुडिओ होता, १९७९ ते २००६.

पोझ का द्यायला लावायचो, ते आधी समजून घ्या. १२० नंबरच्या फिल्म रोलवर चौकोनी फोटो बारा यायचे. लग्नाला चार रोल म्हणजे ४८ फोटो. त्यात हळद, मुहूर्त, कन्यादान, होम, सूनमुख, पाठवणी, दोन्हीकडचे ग्रुप, सगळं बसवायचं. फ्लॅश चार्ज व्हायला आठ-दहा सेकंद लागायचे. एखाद्याने डोळे मिटले तर ते धुऊन आल्यावर कळायचं. "इकडे बघा, हलू नका" असं आम्ही हौसेने म्हणत नव्हतो. पोरीच्या बापाने मोजून दिलेल्या पैशांतला एक फोटो वाया जाऊ नये, एवढीच ती काळजी.

आता खरा मुद्दा. स्टुडिओ बंद करेपर्यंत महिन्यातून दोन-तीन माणसं एकच काम घेऊन यायची. घरातलं कुणी गेलेलं असायचं आणि भिंतीवर लावायला फोटो नसायचा. मग पिशवीतून लग्नाचा ग्रुप फोटो निघायचा, कुणाच्या तरी. त्यातून आजीचा चेहरा उचलायचा, मोठा करायचा, मागची माणसं पुसायची, कधी कपाळावरचं कुंकू ठळक करायचं. तुमच्या गावाकडच्या घरात हार घातलेला जो फोटो असेल तो नीट बघा. निम्म्या घरांत तो कुणाच्या तरी लग्नातून कापलेला निघेल. आमच्या आया-आज्या स्वतःहून स्टुडिओत येऊन एकट्या कधी बसल्याच नाहीत. लग्नात "इकडे बघा" म्हणून कुणी ओरडलं, तेव्हाच काय त्या सरळ कॅमेऱ्यात बघायच्या.

टेबलाखालची पोरं छानच आहेत. पण त्यात आजीचा चेहरा नाही.

पाचू
काका, तुमच्या प्रतिसादाला साष्टांग नमस्कार. आजवर हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळी_पाऊस
मी हे काम करते, नऊ वर्षं झाली, पुणे आणि आसपास. सगळ्यात आधी शब्दांचा गोंधळ मिटवू, कारण त्यातच पैसे वाया जातात.

धंद्यात दोन शब्द चालतात, ट्रॅडिशनल आणि कॅन्डिड. ट्रॅडिशनलवाला स्टेजसमोर उभा, सगळे विधी आणि सगळे ग्रुप त्याच्याकडे. कॅन्डिडवाला लांबून ८५ किंवा ७०-२०० लेन्सने चेहरे टिपतो, मागचं सगळं धूसर. पण आजकाल कॅन्डिडच्या नावाखाली बऱ्याचदा "तू मैत्रिणींकडे बघून हस, मी नाहीच असं समज" हेच चालतं. ती पोझच झाली, फक्त नजर दुसरीकडे. डॉक्युमेंटरी म्हणजे मी ३५ किंवा २८ ची लेन्स लावून जवळ जाते, इतकी जवळ की हळदीचे शिंतोडे माझ्या शर्टावर असतात, आणि आजूबाजूचं सगळं फोटोत येऊ देते. नवरीला हार घालताना मागे करवली पिना तोंडात धरून उभी आहे, ती दिसली पाहिजे. दुरून काढलेल्या फोटोत ती पुसट होते.

फोटोग्राफर ठरवताना त्याचे इन्स्टाग्रामवरचे वेचक तीस फोटो बघू नका. एका लग्नाचे सगळे, म्हणजे ग्राहकाला दिलेले सगळे पाच-सहाशे फोटो मागा. भर दुपारच्या मंडपात चेहरे कसे आलेत ते बघा. लाल-गुलाबी कापडाच्या मांडवात वरून ऊन पडलं की माणसं कावीळ आणि गोवर एकदम झाल्यासारखी दिसतात, आणि ते नंतर संगणकावर पूर्ण सुधारत नाही. मोरपंखी, मुहूर्त १२.३७ चा म्हणताय, तर कार्यालय बंदिस्त आहे की वर कापड आहे? कापड असेल तर डेकोरेटरला मधलं छत पांढरं किंवा मोतिया लावायला आत्ताच सांगा. फोटोग्राफरवर दहा हजार जास्त खर्च करण्यापेक्षा त्या कापडाने जास्त फरक पडेल.

वेदघोष गुरुजींना आवडेल असा आवाज न करणारा शटर आजच्या कॅमेऱ्यांत असतो. पण हॉलमधले स्वस्तातले एलईडी तो वापरू देत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, फोटोत मात्र आडवे काळे पट्टे उमटतात. मग साधा शटर लावून वेग १/१०० च्या आसपास ठेवावा लागतो, आणि त्या वेगाला उडणाऱ्या अक्षता थोड्या हलतात. मला ते हललेलं आवडतं. काही ग्राहकांना नाही आवडत, तेव्हा आधी बोलून घ्या.

काकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आजी-आजोबांचा सरळ, चेहरा नीट दिसणारा एकेक फोटो मी न सांगता काढते. काकांनी सांगितलेल्या कारणासाठीच काढते, फक्त कारण घरच्यांना सांगत नाही.

खान्देशी_भरीत
राहून गेल्यासारखं वाटलं का, असा प्रश्न होता म्हणून सांगतो. आमचे हळदीचे फोटोच नाहीत. फोटोग्राफरने एकाच कार्डावर काढले आणि ते कार्ड रात्रीत गेलं. दोष पद्धतीचा नाही, पण पोझचे फोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा साडी नेसून काढता येतात. डॉक्युमेंटरीतला क्षण गेला तर गेला. आईने जात्यावर हळद दळताना ओवी म्हटली होती, आमच्यापैकी कुणीच मोबाइलसुद्धा काढला नव्हता.

उन्हाळी_पाऊस
@खान्देशी_भरीत, फार वाईट वाटलं. मोरपंखी, हा प्रश्न थेट विचारा: कॅमेऱ्यात दोन कार्डं आहेत का आणि दोन्हींवर एकाच वेळी फोटो लिहिले जातात का? त्याच रात्री हॉटेलवर तिसरी प्रत होते का? उत्तर द्यायला जो अडखळेल त्याला घेऊ नका, त्याचे फोटो कितीही देखणे असले तरी.

अबोली
सगळे डॉक्युमेंटरीची स्तुती करताहेत म्हणून विरोधी सूर लावते. माझ्या पाठवणीचा फोटो त्या फोटोग्राफरने दुसऱ्याच दिवशी आपल्या पानावर टाकला. नाक लाल, काजळ गालावर, आईच्या खांद्यात तोंड खुपसलेलं. खाली शेकडो लोकांनी रडक्या बाहुल्या चिकटवलेल्या. फोटो चांगला होता, हेही मान्य. पण ते रडणं आईपुरतं होतं. जे घडतंय ते टिपायचं, ठीक आहे. पण टिपलेलं जगाला दाखवायचं की नाही, हे कुणी ठरवायचं?

कलम_आणि_दौत
अबोली, याचं उत्तर कायद्यात बरंचसं आहे आणि लोकांना ते माहीत नसतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७, खंड (ब). कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. म्हणजे पैसे देऊन बोलावणारे तुम्ही. छायाचित्रकार म्हणून नाव लागण्याचा हक्क त्याचा राहतो, तो वेगळा.

सगळी मेख 'वेगळा करार नसल्यास' या शब्दांत आहे. बुकिंगच्या कागदावर चौथ्या-पाचव्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फोटोंचे हक्क स्टुडिओकडे आणि प्रसिद्धीसाठी वापरायची मुभा. सही करताना आपण तारीख आणि रक्कम तेवढी वाचतो. मोरपंखी, ती ओळ खोडून "निवडक फोटो, आमच्या लेखी संमतीनंतरच" असं लिहून घ्या. चांगले फोटोग्राफर कुरकुर करत नाहीत. आणि जीएसटी १८ टक्के रकमेत धरलाय की वरून, तेही तिथेच विचारा. ऐनवेळी त्यावरून तोंडं आंबट होतात.

तिरफळ
खूप दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी.

माझ्या चुलतभावाचं लग्न. काका तो दहावीत असतानाच गेले. काकूने शिवणकाम करून त्याला इंजिनिअर केलं. लग्नात देवक, ग्रहमख, सगळ्याला माझे आई-बाबा बसले, कारण जोडपं लागतं. कुणी काकूला "बसू नकोस" म्हटलं नाही. ती बसणार नाही हे गृहीतच होतं, तिनेही धरलं होतं. स्टेजवरच्या तीनशेहून जास्त फोटोंत काकू दोनदा आहे, दोन्ही वेळा कडेला.

भावाच्या एका मित्राने वेगळे फोटो काढले होते, तुम्ही म्हणता तसे. त्यात एक आहे. मंगलाष्टकं चालू आहेत, सगळ्यांच्या माना स्टेजकडे. काकू मागच्या खांबाला टेकून उभी आहे. उजव्या हाताची मूठ मिटलेली, बोटांच्या फटीतून दोन-चार तांबडे दाणे बाहेर आलेत. मागच्या लोकांच्या अक्षता हवेत आहेत, म्हणजे 'सावधान' होऊन गेलंय. तिने टाकलेल्या नाहीत. ओठ हलताहेत असं वाटतं, बहुतेक ती मंगलाष्टक स्वतःशी म्हणत होती.

आम्ही सगळे त्या हॉलमध्ये होतो. मी तिच्यापासून वीस फुटांवर होते. आमच्यापैकी कुणालाही ती दिसली नाही.

अबोली
तिरफळ, वाचून थरारले. पण माझा प्रश्न तोच आहे आणि तो टोचायला विचारत नाही. तो फोटो अल्बममध्ये गेला का? काकूंना विचारलं होतं?

तिरफळ
विचारलं. भाऊ मोठा करून फ्रेम करायला निघाला होता. काकू बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा माझा आहे, मला दे. अल्बमात लावू नकोस." तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावलाय, साडी काढताना दिसतो. तो कसा आहे ते इथे लिहू का, हे तिला फोनवर विचारूनच लिहिलंय.

पुढच्या वर्षी तिच्या धाकटीच्या लग्नात कन्यादानाला काकू स्वतः बसली. फोटोमुळे बसली असं मी म्हणणार नाही, धाकटीनेच हट्ट धरला होता. पण त्या वेळी घरात विरोध करायला कुणी उभं राहिलं नाही.

वेदघोष
तिरफळताई, एकट्या आईने कन्यादान केलेली लग्नं मी लावली आहेत आणि पुढेही लावीन. काकूंना माझा नमस्कार सांगा.

पाचू
अबोलीच्या प्रश्नावरून थोडं अवांतर. न सांगता टिपण्याची ही पद्धत म्हणजे परदेशातून आलेलं खूळ, असं बरेच जण समजतात. होमाई व्यारावाला आपल्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. १९१३ चा जन्म, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीच्या समारंभांत वावरायच्या. कबूतर सोडणाऱ्या नेहरूंचा त्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. समारंभात राहून, त्यात लुडबुड न करता तो टिपायचा, ही रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे. लग्नाच्या मांडवात यायला तिला वेळ लागला, इतकंच.

सोलापुरी_चादर
अजून एक अवांतर. डॉक्युमेंटरी असो की काही असो, पंगतीत जेवताना फोटो काढू नये. मठ्ठा पिणाऱ्या माणसाचा जगात एकही चांगला फोटो नाही.

उन्हाळी_पाऊस
या ठरावाला धंद्यातर्फे अनुमोदन :) विहिणींची पंगत मात्र अपवाद. उखाणा घेण्याआधी चेहऱ्यावर जे येतं ते सोडवत नाही.

यशिका१२०
तिरफळ, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप आली नाही. सत्तावीस वर्षं मी स्टेजकडे तोंड करून उभा होतो. खांबाला टेकलेल्या बायका माझ्या पाठीमागे असायच्या. वर लिहिलेलं एक अक्षरही मागे घेत नाही, चेहरा सरळ हवाच. पण मी कधी मागे वळून एक फोटो काढला असता तर ४८ चे ४७ झाले असते, आणि चाललं असतं. हे तेव्हा सुचलं नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

मोरपंखी
सगळ्यांचे खूप खूप आभार. हा धागा मी बाबांना वाचून दाखवला. काकांचा प्रतिसाद ऐकल्यावर ते काहीच बोलले नाहीत. उठले, देवघराशेजारचा आजीचा फोटो खाली काढला आणि चष्मा लावून बघत बसले. उजव्या कडेला, आजीच्या खांद्याला लागून जरीचा एक बारीकसा काठ आहे. आम्ही इतकी वर्षं तो तिच्याच पदराचा समजत होतो. तिचा पदर दुसऱ्या खांद्यावर आहे. तो काठ शेजारी उभ्या असलेल्या कुणाचा तरी आहे.

मग माळ्यावरची ट्रंक निघाली. आत्याच्या लग्नातला, १९८१ चा ग्रुप फोटो सापडला. दुसऱ्या रांगेत तिसरी आजी. शेजारी जरीचा शालू नेसलेली बाई कोण, ते बाबांना आठवेना.

आता ठरलेलं सांगते. बहिणीचा फोटोग्राफर सकाळी मुहूर्तमेढीपासून पाठवणीपर्यंत, त्याला कुणीही "इकडे ये, आमचा काढ" म्हणायचं नाही, हे मी स्वतः दोन्ही घरांत सांगणार आहे. स्टेजवरच्या फोटोंना आमच्या गावचा फोटोग्राफर, जेवणाआधी पाऊण तास. त्यात आधी वयाने मोठी माणसं, खुर्च्या टाकून, एकेकाचा सरळ चेहरा. कराराची ती ओळ खोडून घेतली, बहिणीचा फोटोग्राफर लगेच हो म्हणाला. दोन कार्डांचंही विचारलं. छताचं कापड गुलाबी ठरलं होतं, ते मोतिया केलं. आणि त्याला एक कागद देतेय: घरातली कोण माणसं गर्दीत मागे राहतात त्यांची नावं आणि कुणाच्या साडीचा रंग काय. पहिलं नाव आमच्या मोठ्या मावशीचं आहे.

गुरुजी, एक शेवटचा प्रश्न. अंतरपाट दूर होताना त्याने नेमकं कुठे उभं राहावं, म्हणजे तुम्हाला अडचण नाही आणि दोघंही दिसतील?

वेदघोष
अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला. समोर उभा राहिला तर एकाचीच पाठ मिळते. पाट धरणाऱ्यांपैकी एकाच्या खांद्यामागे उभं राहायचं आणि त्याला आधी सांगून ठेवायचं की कापड खाली सोडू नकोस, दुसऱ्याच्या दिशेने ओढून घेऊ दे. शेवटचं 'सावधान' मी जरा लांबवतो, तेवढ्यात तयारी होते. मामांना मात्र तिथून हलवू नका, ती त्यांची जागा आहे.

यशिका१२०
मोरपंखी, ट्रंकेतला अल्बम काळ्या पानांचा असेल तर फोटो ओढून काढू नका. डिंकाने चिकटलेले असतात, मागचा कागद सोलून येतो. पानासकट आहे तसा स्कॅन करा.

मोरपंखी
काका, तुमचा प्रतिसाद यायच्या आत बाबांनी तो ग्रुप फोटो काढला होता. दोन कोपरे फाटले, बाकी वाचला. मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहिलेली निघाली, डावीकडून उजवीकडे, आजोबांच्या अक्षरात. चौदापैकी अकरा वाचता येतात. शालूवाल्या बाईचं नाव नेमकं डिंकात गेलंय. आत्याला फोन लावलाय, बाबा बोलताहेत.